टोपीवाला मुऱ्हाळी

यंदा पुन्हा कापूस घरात आलाय. भाव वाढंल, वाढंल म्हणत दादानं पुढची खोली पार छतापर्यंत भरून टाकली आणि आता सगळं घर खाजवतंय. साठवलेल्या कापसात कसले तरी बारीक किडे होतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मान, कोपर, गुडघ्यामागची जागा, काही सोडत नाहीत. वहिनी कडूलिंबाचा पाला पसरते, पोरं कुरकुरतात, आणि दादा म्हणतो, "जरा दम धरा की, संक्रांत झाली की बाजारात घालू." रविवारी मी गेवराईहून चकलांब्याला आले, दारात चपला काढल्या आणि तो वास आला. सरकीचा, थोडा तेलकट, थोडा धुळीचा. एकदम गळून गेल्यासारखं झालं. गेवराई ते चकलांबा हा काही माणूस दमावं असा प्रवास नाही. दमवलं ते त्या वासानं.

असाच कापूस घरात होता त्या हिवाळ्यात मी सासर सोडून इथं आले होते. दिवाळीला म्हणून आले आणि परत गेलेच नाही. मधल्या खोलीत दादा-वहिनी आणि पोरं, स्वयंपाकघरात माय. मग मला कुठं ठेवणार? कापसाच्या खोलीत. ढिगाच्या पायथ्याशी माझी सतरंजी, उशाशी बॅग, आणि सरकीच्या पेंडीच्या पोत्यावर माझा कॉलेजातला जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी कधीच मेलेली. वायर लावली तरच चालायचा, लाईट गेली की हीरो हात वर केलेला तसाच नाहीसा व्हायचा.

लॅपटॉपमध्ये काय होतं? इंग्रजी पिक्चर. आणि तेही आजकालचे मारामारीचे नाहीत, जुने. काळे-पांढरे. हे वेड मला बीडला कॉलेजात लागलं. इंग्रजीच्या मॅडम शनिवारी दुपारी वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून भिंतीवर हे पिक्चर दाखवायच्या. इंग्रजी सुधारावं हा हेतू. पोरी पहिल्या शनिवारी आल्या, दुसऱ्या शनिवारी निम्म्या झाल्या, आणि शेवटी मी आणि मॅडमच उरलो. त्यांनी मग सगळा साठाच मला पेनड्राइव्हमध्ये भरून दिला. हुंड्यात काय काय दिलं ते दादाला पाठ असेल, पण मी सासरी नेलेली खरी चीज ती होती.

मला ते लोक आवडायचे ते त्यांच्या बोलण्यासाठी. बाप रे, काय बोलतात! भांडतानासुद्धा एकमेकांचं वाक्य खाली पडू देत नाहीत. एक उंच, रुंद खांद्यांची बाई आहे, ढगळ पँट घालून ताडताड चालते आणि पुरुषाचं वाक्य संपायच्या आत त्याला उत्तर देऊन मोकळी होते. एक आहे गालाला खळी पडणारा, तो पाय घसरून पडतो तेही इतकं ऐटीत की पडावं तर असं. आणि एक माझा सगळ्यात लाडका. त्याला देखणा म्हणायला कुणी धजणार नाही. वरचा ओठ ताठ, डोळ्यांखाली काळं, चेहरा असा की गड्यानं रातपाळी करून पुन्हा दिवसपाळीला उभं राहावं. टोपी, लांब कोट, आणि सिगारेट. त्या माणसाचं थकणं मला फार खरं वाटायचं. तो थकलेला असूनही बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, हे त्याहून खरं. त्यांची नावं सांगत बसत नाही. मायला ती कधी वळली नाहीत, आणि आता मलाही ते सगळे मायनं ठेवलेल्या नावांनीच आठवतात.

आता, सासर का सोडलं? हा प्रश्न त्या हिवाळ्यात मला इतक्यांनी विचारला की मला उत्तराचाच कंटाळा आला. नवरा मारत नव्हता. पीत नव्हता. नांदूरघाटला भुसार मालाचं दुकान, बरं चाललेलं. हीच तर पंचाईत. दाखवायला माझ्याकडं वळ नव्हता. तो फक्त बोलायचा नाही. न विचारता शेजारी गेले, अबोला. भाजीत मीठ जास्त झालं, अबोला. आणि अबोला म्हणजे आपला नवरा-बायकोचा संध्याकाळपर्यंतचा रुसवा नव्हे. महिने. माझ्यादेखत आईला सांगायचा, "तिला म्हणावं, पाणी दे." सासूही मग त्याच्या बाजूनं गप्प, मामा, म्हणजे सासरे, तेही गप्प. त्या घरात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. एक दिवस मी पातेल्याशी मोठ्यानं बोलताना स्वतःला पकडलं आणि मला धडकी भरली.

मायला मी हे सगळं सांगितलं. गोठ्यात शेण काढताना सांगितलं, रानात कापूस वेचताना सांगितलं, ती माझ्या डोक्याला तेल लावत होती तेव्हा मान खाली घालून सांगितलं. "माय, मला परत जायचं न्हाई." मायचं उत्तर ठरलेलं. "बोलत न्हाई म्हंजी शिव्या तरी देत न्हाई. लई जणींचे नवरे बोलतेत, बोलून काय दिवे लावतेत?" किंवा मग, "दिस जातेत नंदा, दिस गेले की समदं बसतंय." मी रडले तर म्हणायची, "डोळ्यांत पऱ्हाटीची पत्ती गेली का?" मुद्दाम नव्हतं तिचं. तिला खरंच ऐकू जात नव्हतं, कान चांगले असून.

दादाचं वेगळं. दादाला पंचायतीला उभं राहायचं होतं आणि सोयऱ्यांशी वाकडं घेतलेलं परवडणार नव्हतं. तो माझ्याशी गोड बोलायचा आणि बाहेर जाऊन फोन करायचा. ठरलं होतं असं की, संक्रांतीनंतर सासरची माणसं येतील, चार शहाणे बसतील, समजूत काढतील आणि मी गाडीत बसेन. मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझी बॅग धुऊन वाळत घातलेली मी पाहिली होती.

संध्याकाळी जेवणं झाली की माय कापसाच्या खोलीत यायची. पहिल्यांदा आली ती मला रागवायला. "काय सारखी त्या डबड्यात बघत बसायलीस?" मग वाती वळायला बसली. कापूस तर हाताशीच. मग एक डोळा वातीवर, एक पडद्यावर. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, खालच्या ओळी वाचायचा तर प्रश्नच नाही. मी सांगायला लागले तर म्हणायची, "गप बस, कळायलंय मला." आणि खरंच, तिला तिचं कळत होतं.

त्या दिवशी माझा लाडका टोपीवाला लागला होता. हे पिक्चर साधारण असेच असतात: एक बाई घाबरून त्याच्या ऑफिसात येते, माझ्या घरात काही तरी बरं नाही म्हणते, आणि तो तिच्यासोबत गाडी घेऊन त्या मोठ्या घरी जातो. गुप्तहेर असतो तो, पैसे घेऊन छडा लावणारा. मायनं थोडा वेळ बघितलं आणि ठाम सांगितलं, "मुऱ्हाळी हाय त्यो."

"कोण?"

"भाऊ गं तिचा. न्यायला आलाय."

सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुऱ्हाळी. आता सांगा, चुकलं काय तिचं? बाई दुःखात. बाहेरून गडी येतो. अंगावर ठेवणीतले कपडे, डोक्यावर टोपी, हाताशी गाडी. घरच्यांना वेडेवाकडे प्रश्न विचारतो, नवऱ्याला डोळे दाखवतो, बाईची बॅग उचलतो. आमच्याकडं हे काम भाऊच करतो. मी हसत सुटले. कितीतरी दिवसांनी हसले. मी म्हणाले, "माय, त्यो पोलिसासारखा हाय." माय म्हणाली, "आसंना. पोलिसाला बहीण आसती न्हाई का?"

झालं. त्या दिवसापासून जितके टोपीवाले आले तितके सगळे मुऱ्हाळी. फक्त एकदा पंचाईत झाली. अशाच एका पिक्चरमध्ये मुऱ्हाळ्यानं बाईला जवळ घेतलं आणि तिचा मुका घेतला. योगायोग असा की दादा त्याच वेळी चार्जर शोधत खोलीत आला होता. दादानं बघितलं, आणि "फाटकाची कडी लावली का बघतो" म्हणत तसाच मागं गेला. मायच्या हातातली वात थांबली.

"मंग भाऊ न्हाई म्हण की," माय म्हणाली.

"न्हाई माय."

तिनं बराच विचार केला. "आत्याचा पोरगा आसंल," ती म्हणाली. "मंग चालतंय." आणि वात पुढं वळायला लागली.

हे सांगताना आजही मला हसू येतं, पण त्याला दुसरी बाजू होती. मुऱ्हाळी न्यायला येतो, तसा सण झाला की परत पोचवायलाही तोच जातो. मायच्या मनात ते पक्कं. म्हणून तिचे सगळे पिक्चर एकाच जागी संपायचे. शेवटी बाईनं खून केलेला निघतो, पोलीस येतात, टोपीवाला रस्त्यावर उभा राहून बघत असतो आणि बाई त्या गाडीत बसून जाते. मला रडू फुटायचं. त्या माणसाच्या तोंडावर काय काय यायचं अशा वेळी! प्रेम, शरम, झोप. आणि माय समाधानानं गुडघ्यावर हात टेकून उठायची. "पोचिवली बघ नीट. सासरकडचे किती जण आलेत न्यायला." पोलीस सासरचे! मी तिला खरं काय ते सांगितलं नाही. सांगायची ताकदच नव्हती. दिवसभर तेच तेच सांगून मी संपलेली असायचे, संध्याकाळी आणखी एका बाईची कैफियत कुणी मांडावी?

संक्रांत आली. बायका वाण लुटायला आल्या, हळदीकुंकू लावताना "कधी जाणार मग?" विचारून गेल्या. दादानं सांगितलं, "उद्या येतायत मामा आणि मंडळी." वहिनीनं माझ्या बॅगेत तिळाचे लाडू ठेवले, सासूसाठी. चांगली आहे वहिनी. तिला वाईट वाटत होतं, पण तिच्या हातात काय होतं?

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप लावला तो निव्वळ सवयीनं. त्या पिक्चरमध्ये टोपीवाला नव्हताच. त्यात एक बाई होती जिला माय घारी म्हणायची. डोळे मोठे, पापण्या जड, कपाळ रुंद. फार सुंदर नाही, पण एकदा बघितलं की दुसरीकडं बघवत नाही. तिचे मी सगळे पिक्चर पाहिले आहेत. चिडते तेव्हा घर डोक्यावर घेते, सिगारेटचा हात असा झटकते की समोरच्यानं मागं सरावं. पण मला ती सगळ्यात मोठी वाटते ती काहीच करत नाही तेव्हा. या पिक्चरमध्ये ती बरेच दिवस बाहेर राहून आपल्या घरी परत येते. गाडी पायऱ्यांशी थांबते. दार उघडं, आत घरची माणसं ओळीनं उभी, कुणी वाईट वागत नाही, एक नोकर येऊन बॅग घेतो. ती दारात थांबते. एका हातातला मोजा काढलेला, दुसऱ्या हातातला काढायचा राहिलेला. आणि कॅमेरा तिच्या तोंडाजवळ येतो. ती रडत नाही. ओठ हलवत नाही. संगीतसुद्धा बंद. फक्त गळ्यातून एक आवंढा खाली जातो, आणि बराच वेळ ती नुसती बघते. कॉलेजात मी मॅडमना विचारलं होतं, हे कसं करतात हो? मॅडम म्हणाल्या होत्या, माहीत असतं तर मी इथं शिकवत बसले असते का.

माय वाती वळायची थांबली होती.

"हिला न्हाई जायचं आत," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"न्हाई जायचं तिला. बघ की तोंडाकडं." तिचा आवाज चढला. "मरंल ती तिथं. कशापायी धाडलं हिला? हिला कुणी न्हाई का माय-बाप?"

पिक्चर पुढं गेला, दार लागलं. मी मायकडं बघितलं तर ती पडद्याकडं नव्हे, माझ्याकडं बघत होती. कितीतरी वेळ. मग वाती तशाच टाकून उठून गेली.

मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला नाही. राग आला. अगं, मी तुझी लेक. मी तुला तुझ्या भाषेत, तुझ्या चुलीपाशी बसून सांगत होते. आणि तुला कळलं ते कुणाच्या तोंडून? जिनं चकलांबा पाहिला नाही, जी कधीची मरून गेली, जिनं त्या पूर्ण दृश्यात तोंडातून शब्द काढला नाही, तिच्या! मी कापसात तोंड खुपसून रडले. आणि रडता रडता हेही मनात आलं की बाई, तू काय चीज आहेस. मी इतके दिवस ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते तू एका आवंढ्यात केलंस.

दुसऱ्या दिवशी जीप आली. मामा, त्यांचे चुलत भाऊ, आणि गावातले दोन वजनदार लोक. ओसरीवर सतरंज्या पडल्या, चहा फिरला. बोलणं छान चाललं होतं. पोरीला काही कमी नाही, भांडण नाही, तंटा नाही, अजून मूलबाळ झालं नाही म्हणून मन लागत नसेल. सगळे माना डोलवत होते. मी आत बॅगेशेजारी बसलेले. आमच्याकडं अशा बैठकीत बाई बोलत नाही. चहा द्यायचा आणि दाराआड उभं राहायचं.

माय डोक्यावर पदर घेऊन दाराबाहेर आली. "पोरगी येणार न्हाई," ती म्हणाली.

दादा उठला. "माय, तू आत जा."

"कुणाला आत जा म्हणतूस बे," माय म्हणाली. आपल्या थोरल्या लेकाला, गावासमोर, बे! "न्हाई जाणार ती. तिथं मरंल. मी बघितलंय."

"काय बघितलंय विहीणबाई?" एका पाहुण्यानं विचारलं.

"बघितलंय म्हणते ना. ह्या डोळ्यांनी."

आणि माझ्या सासऱ्यांनी मान खाली घातली. माय दिवाळीआधी एकदा नांदूरघाटला येऊन राहिली होती, तेव्हा तिनं काय काय पाहिलं असेल याचा हिशोब त्यांच्या डोक्यात चालू झाला असणार. त्यांचे भाऊ चहाच्या कपात बघायला लागले. ज्या घरात काही घडलंच नाही म्हणून सांगत होते, त्याच घरातलं काय दिसलं असेल याला ती माणसं घाबरली. मायनं काय बघितलं ते मला आणि तिलाच माहीत. लाडू परत वहिनीच्या डब्यात गेले. दादा माझ्याशी पाडव्यापर्यंत नीट बोलला नाही, निवडणूक मात्र जिंकला.

त्यानंतरचं साधं आहे. कागदपत्रं झाली, मी गेवराईला खोली घेतली, इंग्रजीच्या शिकवण्या घेते. दिवसभर पोरांच्या वह्या तपासून डोळे चुरचुरतात, हायवेच्या ट्रकांनी झोप लागत नाही. सुखात आहे का? दमलेली आहे. पण माझ्या दमण्यावर कुणी रुसत नाही. जेवताना एखादा जुना पिक्चर लावते. वय वाढतं तसं पाय घसरून पडणारा कमी आवडायला लागला, घारी जास्त.

या रविवारी माय कापसाच्या खोलीतच पडून होती. आता तिला फारसं दिसत नाही, पण जवळ आलं की तोंड ओळखते. मी मोबाइलवर तिला काही तरी लावून दिलं, आवाज ऐकत पडली. मग एकदम म्हणाली, "तुझंबी चुकलंच नंदा तवा."

"काय चुकलं?"

"एकदा तरी तोंड उघडून म्हणायचंस. माय, मला जायचं न्हाई. मी काय वैरी व्हते का तुझी? तू गप बसलीस म्हणून मी तयारी करत व्हते."

तिच्या आवाजात लबाडी नव्हती. तिला तसंच आठवत होतं. गोठा, रान, तेलाची वाटी, सगळं माझ्या जिभेवर आलं. पण कोण पुन्हा ते सगळं सांगत बसणार. मी तिच्याजवळ सरकले आणि नुसतं तिच्याकडं बघितलं.

मायनं हात वर करून माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं. बराच वेळ बघत राहिली.

"बोलली व्हतीस का गं तू?" तिनं हळूच विचारलं.

"लई येळा, माय," मी म्हणाले.